महाराजबाग प्राणिसंग्रहालय

नागपुरात सीताबर्डीला लागून, नाग नदीच्या काठी असलेले जुने प्राणिसंग्रहालय. स्थापना १८९४. नागपूरच्या भोसले राजांच्या बागेत ते उभे राहिले आणि नाव बागेचेच टिकले. तरी नागपूरकर ‘महाराजबाग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे फुलझाडे कमी आणि पिंजरे जास्त असतात. खेड्यावरून आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय, आणि महाराजबाग अशी जोडीने सैर घडते. तिथे पेंढा भरलेले प्राणी, इथे जिवंत.

कारभार नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे पर्यायाने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. ही व्यवस्था चमत्कारिकच म्हणायची. शहरातली प्राणिसंग्रहालये सहसा महापालिका किंवा वनखाते चालवते. इथे बिबट्याच्या मांसाचा खर्च आणि कपाशीच्या वाणांवरचे संशोधन एकाच विद्यापीठाच्या घरात नांदते. पैशाची आणि माणसांची ओढाताण त्यामुळे जुनीच आहे.

इथले प्राणी दूरदेशीचे फारसे नाहीत. वाघ, बिबट, अस्वल, चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय, माकडे, मोर : म्हणजे नागपूरच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतले रानच. पाटीवर ‘नीलगाय’ लिहिलेले असते, पण वावरात राखण करणारा शेतकरी तिला ‘रोही’ म्हणूनच ओळखतो आणि तिच्याकडे कौतुकाने पाहत नाही. मांसाहारी प्राण्यांपैकी बरेच इथे हौसेने आणलेले नव्हेत, तर आणावे लागलेले आहेत. कोणी विहिरीत पडलेले, कोणी आईवेगळे झालेले बछडे, कोणी फाशात अडकून अधू झालेले. ‘साहेबराव’ हा वाघ याचे ठळक उदाहरण. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याच्या पुढच्या पायाची बोटे गेली आणि तो महाराजबागेत आला. पुढे नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात असताना, जानेवारी २०२० मध्ये, त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहण्यात आला. भूल उतरताच त्याने तो काढून टाकला. असा प्राणी जंगलात परत सोडता येत नाही. लहानपणापासून माणसाच्या हातचे खाल्लेल्या बछड्याचेही तेच. म्हणून महाराजबाग ही निम्मी करमणुकीची जागा आणि निम्मा निराश्रितांचा आसरा झाली.

पिंजऱ्यांची रचना दोन काळांची असते. जुना प्रकार गजांचा, फरशीचा : धुवायला सोपा, प्रेक्षकाला जवळचा, जनावराला वाईट. नवा प्रकार खुल्या मोकळ्या जागेचा, मध्ये खंदक किंवा जाळी, मागे रात्रीची खोली. उपचारासाठी ‘स्क्वीझ केज’ वापरतात. त्याची एक भिंत सरकवून प्राण्याला हलता येणार नाही इतके दाबतात आणि सुई टोचतात. जागेचे मापही ठरलेले आहे. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेसाठीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे वाघांच्या एका जोडीसाठी खुली जागा किमान १,००० चौरस मीटर हवी, बिबट्यांच्या जोडीसाठी ५००. शहराच्या ऐन मध्यभागी वसलेल्या जुन्या संग्रहालयाची पंचाईत इथेच होते, कारण बाजूला सरकायला जागा नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हे प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्रुटींवर बोट ठेवून त्याने २०१८ मध्ये महाराजबागेची मान्यता काढली. नागपुरात त्यावर बरीच ओरड झाली. संग्रहालय मात्र पुढेही चालू राहिले.

उन्हाळा हा इथला सर्वांत कठीण काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या लागतात, कूलर बसतात, हौदात पाणी भरले जाते, अंगावर फवारे मारले जातात. पिंजऱ्यातल्या बिबट्याला कूलर लागला की शहरातल्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतोच. उन्हाळा खरा सुरू झाल्याची ती खूण मानायला हरकत नाही. अस्वलाचे त्यातही हाल, कारण अंगावर लांब काळ्या केसांचे घोंगडे.

त्या उन्हाचा मारा कमी की काय, प्रेक्षकांचा उपद्रव वेगळाच. प्राण्यांना खाऊ घालणे, चिडवणे, आरडाओरड करणे, कचरा टाकणे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ज कलमाने गुन्हे ठरवले आहेत. तरी शेंगदाण्याची पुडी माकडापुढे धरल्याशिवाय काहींची सहल पूर्ण होत नाही.

२६ जानेवारी २०२१ रोजी शहराच्या वायव्येला गोरेवाडा येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने मोठे प्राणी उद्यान सुरू झाले. ते वनविकास महामंडळाकडे आहे. तिथे गाडीत बसून सफारी करावी लागते आणि वाघ झुडपात शिरला तर तो न पाहताच परतावे लागते. सीताबर्डीवरून पायी जाऊन, लेकराला खांद्यावर घेऊन अस्वल दाखवता येते ते महाराजबागेतच.