पॉवर लॅपटॉपवर वाढते, उष्णतेचं काय?

गेल्या मे महिन्यात एका मित्राने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली, सव्वादोनशे पीएसच्या (म्हणजे जवळपास तितक्याच हॉर्सपॉवरच्या) आसपासची, आणि ताब्यात आल्या आल्या पहिला प्रश्न काय तर "रिमॅप कुठे करू?", म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर कुठे वाढवून घेऊ. मी म्हटलं थांब, आधी घाटात नेऊन आणू. जुन्या हायवेने निघालो, लोणावळ्यात चहा झाला आणि मग खंडाळ्याचा उतार. पठ्ठ्या जोशात, प्रत्येक वळणाआधी दणकून ब्रेक, परत ॲक्सिलरेटर, परत ब्रेक, आणि बराच खाली आल्यावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ, पाय थेट तळाला. दोन-तीनदा पंप करून, गिअर खाली घेऊन कशीबशी कडेला घेतली. खाली उतरलो तर जळका वास आणि पुढच्या रिमजवळ हात नेववत नव्हता. गाडीचं नाव घेत नाही कारण चूक गाडीची नव्हतीच, आधीच्या मालकाने ब्रेक ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं.

हे का झालं त्याचा हिशोब शाळेतल्या फिजिक्सचा आहे. गाडी आणि दोघं धरून १६०० किलो, खंडाळा ते खोपोली उतार साधारण ५०० मीटर, म्हणजे जवळपास ७८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तीच गाडी १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवायला साधारण ६ लाख ज्यूल लागतात. म्हणजे नुसता घाट उतरणं म्हणजे १०० वरून १२-१३ वेळा करकचून ब्रेक मारणं, आणि मधेमधे हौसेने रेस दिली की त्यात अजून भर. इंजिन ब्रेकिंग वापरलं तर बराच भाग इंजिन आणि हवा खाते, नाहीतर सगळं डिस्कवर. डॉट ४ या ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येऊ शकतो. आपल्याकडचा पावसाळा तर माहितीच आहे. एकदा ते कॅलिपरमधे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल जातं आणि ब्रेक लागत नाही.

तर मुद्दा असा की जोरदार गाडी रोज चालवायची असेल तर पॉवर वाढवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, लॅपटॉप लावा, तासाभरात काम झालं. अवघड आहे ती उष्णता.

उदाहरण घेऊ स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० चं, २०१७ ला इथे आली, २ लिटर टर्बो, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. सेकंडहँड बाजारात जोरदार पण घरच्यांना चालेल अशी गाडी शोधणारे बरेचजण हिच्याजवळ येऊन थांबतात, डिकी मोठी, मागे आईबाबा आरामात बसतात. २३० पीएस म्हणजे साधारण १७० किलोवॉट. पेट्रोल इंजिन जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामाला लावतं, म्हणजे फुल पॉवरला आत ५०० किलोवॉटच्या आसपास इंधन जळतंय आणि उरलेलं दोन तृतीयांश सायलेन्सर, रेडिएटर आणि ऑइलमधून बाहेर काढायचंय. बाथरूममधला गिझर २ किलोवॉटचा असतो. दीडशेच्या वर गिझर एकदम चालू, एका बॉनेटखाली! अर्थात हे काही सेकंदांपुरतं, कारण सपाट रस्त्यावर ८० ने जायला गाडीला १० किलोवॉटच्या आसपासच लागतात. पण रिमॅप केल्यावर ते काही सेकंद अजून गरम होतात.

रिमॅप म्हणजे नेमकं काय करतात? टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब थोडा वाढवतात, त्या हवेच्या हिशोबात पेट्रोल वाढवतात, स्पार्क कधी पडायचा ते बदलतात आणि टॉर्कवर कंपनीने घातलेली मर्यादा सैल करतात. कंपनीने तेवढी जागा ठेवलेली असते कारण तीच गाडी वाळवंटात, बर्फात, भेसळीच्या पेट्रोलवर, ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या माणसाकडेही चालली पाहिजे. आपण ती राखीव जागा वापरून टाकतो, बाकी जादू वगैरे काही नाही.

सायकलचा पंप जोरजोरात मारला की खालचं टोक गरम होतं, आठवतंय ना? टर्बो तेच करतो. बाहेर ३५ अंश असताना हवा सव्वादोन पट दाबली तर टर्बोतून निघताना ती दीडशे अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण त्याला समोरून वारा पाहिजे, आणि हिंजवडीला संध्याकाळी सहा वाजता वारा कुठून येणार. अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो, मग सिग्नल सुटल्यावर पाय दिला की गाडी मरगळलेली वाटते. इंजिनात शिरणारी हवा ५० ऐवजी ७० अंशांची असली तर तेवढ्याच दाबाला ६ टक्के हवा कमी. आणि गरम हवेत नॉकिंग लवकर सुरू होतं, म्हणजे ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि दाबाची लाट पिस्टनवर आदळते. इंजिनवर बसवलेला नॉक सेन्सर हे कानासारखं ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण पैसे देऊन घेतलेली पॉवर मे महिन्यात साध्या पेट्रोलवर मिळतच नाही. म्हणून ट्यूनर ९५ च्या वरचं ऑक्टेन (पेट्रोल नॉकिंगला किती टिकतं त्याचं माप) भरायला सांगतात, ते काही पंपवाल्याशी साटंलोटं म्हणून नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं दुहेरी आहे, इथेनॉल बाष्प होताना उष्णता शोषतं आणि नॉकिंगला चांगलं टिकतं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे हिशोबाने ६-७ टक्के ऊर्जा कमी आणि इंजेक्टरला जास्त इंधन ओतावं लागतं. मॅप करणाऱ्याला तुम्ही रोज काय भरता ते खरं सांगा.

अजून एक, सहाव्या गिअरमधे १५०० आरपीएमला पाय तळाला नेऊ नका, डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमधे फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांत अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि तो फटका साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी वाईट. आधी गिअर खाली, मग रेस.

आता गिअरबॉक्स, कारण रोजच्या ट्रॅफिकमधे खरा जीव त्याचाच जातो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन जातींचे, कोरडे आणि तेलात बुडालेले. गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच अर्धवट घसरत असतो, समजा ४० न्यूटन मीटर टॉर्क आणि इंजिन आयडलला, तर ३ किलोवॉट उष्णता, म्हणजे दीड गिझर एका बंद डब्यात. तेलातला क्लच ती तेलाला देऊन मोकळा होतो, कोरड्याला फक्त आजूबाजूची हवा. म्हणून स्कोडा-फोक्सवॅगनच्या छोट्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) गाड्यांतला सात गिअरचा कोरडा डीएसजी, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या कामाचा, आणि आरएस २३० मधला सहा गिअरचा ओला ३५० चा. बघा, कंपनीचा टॉर्कच तिथे टेकलाय, रिमॅपनंतर आपण वर जातो. ओल्याचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, जुनी गाडी घेताना त्याचं बिल मागा. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कापा, भाव तिथेच होतो.

आणि एवढं करून पहिल्या गिअरमधे उपयोग किती? ३५० चा टॉर्क गिअरमधून साधारण १२ पट होऊन चाकाशी पोचतो, म्हणजे सुमारे १३०० किलोचा रेटा, आणि पुढच्या चाकांवर वजनच ९०० किलो, चांगला टायर कोरड्या रस्त्यावर त्यातलं जेमतेम आठशे धरणार. उरलेलं इलेक्ट्रॉनिक्स कापतं. सिग्नलवर शायनिंग मारायला रिमॅप करणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचा. त्यापेक्षा टायर बदला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे दिसले तर मालकाने बाकी खर्चही तसाच केलाय असं समजा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की स्टार्ट करून ठेवू नका, गेल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर काहीतरी लपवतायत. कूलंटची पातळी बघा, थंड इंजिनचा आवाज ऐका, स्कॅनर लावून जुने एरर बघा. आधी रिमॅप करून विकताना परत स्टॉक (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) केलेल्या गाड्याही फिरतात. डायरेक्ट इंजेक्शनमधे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपांवरून) जातच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठतो, आणि तो काढायला चक्क अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात!

कायद्याचंही थोडक्यात, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना परवानगी देत नाही, आणि न सांगता केलेला बदल इन्शुरन्सवाल्याच्या हातात आयतं कारण देतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याकडे परत जाऊच नका.

मित्राने शेवटी रिमॅपसाठी ठेवलेले पैसे आधी ब्रेक ऑइल, पॅड, गिअरबॉक्सचं तेल आणि चार टायर यात घातले. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं तर रंग थेट उकळलेल्या चहासारखा. नंतर तोच घाट परत उतरलो, या वेळी तिसऱ्या गिअरमधे, आणि खाली टपरीवर थांबून त्याने सगळ्यात आधी रिमजवळ हात नेऊन बघितला.