इंग्लंडचा सातबारा

14 ऑक्टोबर 1066 रोजी हेस्टिंग्जजवळच्या लढाईत इंग्लंडचा हॅरॉल्ड राजा पडला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमला वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडचा राजमुकुट चढवण्यात आला. लढाईच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्या जिंकणाऱ्यांनी तरी सांगितल्या किंवा हरणाऱ्यांनी तरी. सत्ता बदलल्यावर गावोगावी काय झालं हे मोजायचं असेल तर महसुलाचं दप्तरच उघडायला हवं. सुदैवानं ते शाबूत आहे.

1085च्या नाताळात ग्लॉस्टरच्या दरबारात विल्यमनं देशभर पाहणीचा हुकूम काढला. डेन्मार्कच्या स्वारीची धास्ती होती, भाडोत्री सैन्य पोसायला पैसा लागत होता. राजाची माणसं परगणे पालथे घालू लागली. जमीन कुणाची, नांगर किती, चक्क्या, कुरणं आणि रान किती, हे गावकऱ्यांना शपथेवर सांगावं लागे. एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही, असा एका इंग्रज बखरकाराचा वैतागलेला शेरा आहे. गंमत म्हणजे बहुतेक परगण्यांच्या अंतिम प्रतीत गुरांचे आकडे गाळलेच. एसेक्स, नॉरफोक आणि सफोकच्या वेगळ्या खंडात मात्र ते राहिले.

हेच ते ‘डूम्सडे बुक’. त्यात 13 हजारांवर गावं आहेत. अभ्यासकांना ते मोलाचं वाटतं ते एका प्रश्नामुळे: जमिनीचं मोल हॅरॉल्डच्या आधीच्या एडवर्ड राजाच्या हयातीत किती होतं, विल्यमनं ती बहाल केली तेव्हा किती, आणि आज किती? म्हणजे आक्रमणाआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच ओळीत. 1086पर्यंत जेमतेम 5 टक्के जमीन बड्या इंग्रज जमीनदारांकडे उरली होती.

आकडे मात्र जपून वाचावे लागतात. पुस्तकात सुमारे 2 लाख 69 हजार माणसं नोंदलेली आहेत, पण ती बहुतांशी कुटुंबप्रमुख. चार-पाचनं गुणायचं, वर लंडन आणि विंचेस्टरची (ही दोन्ही शहरं यादीतच नाहीत) आणि नोंदीतून सुटलेल्यांची भर घालायची, तेव्हा कुठे लोकसंख्या 12 ते 16 लाखांच्या घरात जाते. चारनं गुणायचं की पाचनं, यावर आजही वाद होतात.

खरा पेच उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा आहे. 1069-70च्या हिवाळ्यात बंडाचा सूड म्हणून विल्यमनं उत्तरेतली गावं आणि धान्य जाळलं. डूम्सडेत तिथल्या गावामागून गावापुढे एकच शब्द येतो: ओसाड. पूर्वी याचा अर्थ सरळ ‘जाळलेलं गाव’ असा घेत. आता काहींचं म्हणणं असं की माहितीच मिळाली नाही किंवा सारा येईना, तिथंही कारकून हाच शब्द टाकून मोकळा होई. शंका रास्त आहे. पण सोळा वर्षं उलटल्यावरही अख्ख्या यॉर्कशायरचं मोल 1066च्या निम्म्याहून खाली होतं. एवढी घसरण नुसत्या कारकुनी आळसाच्या खाती टाकणं मला तरी पटत नाही.

या दप्तराचा कायदेशीर दबदबा पुढे शतकानुशतकं टिकला. 1377मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या कितीतरी गावच्या कुळांनी पैसे भरून त्यातल्या नोंदींच्या नकला काढल्या. आपली जमीन मुळात राजाची खासगी, तेव्हा जमीनदाराची वेठबिगार आम्हाला लागू नाही, असा त्यांचा दावा होता. जमीनदार हादरले, प्रकरण पार्लमेंटात गेलं आणि या नकलांवरून कुणाची वेठ सुटणार नाही असं ठरलं. चार वर्षांनी, 1381मध्ये, शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, तेव्हा बंडखोरांनी ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरंच जाळली.