वस्तीत दारूची दुकानं जास्त झाली, हे मोजायचं कसं?

दारूच्या दुकानावरून कुठंही वाद झाला की तो बहुतेक वेळा एकाच दुकानावरून होतो. नवीन परवान्याचा अर्ज येतो, मग मालक कोण आहे, जागा कशी आहे, शाळा किती लांब आहे, कागदपत्रं नीट आहेत का, एवढं बघतात आणि सगळं बरोबर असेल तर नाही म्हणायला कारणच उरत नाही. पुढच्या वर्षी शेजारी दुसरा अर्ज, तोही नियमात बसणारा. असं करत करत त्या रस्त्यावर आठ-दहा दुकानं होतात आणि रात्री साडेदहाला तिथून मुलीला घेऊन चालत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. त्रास सगळ्यांचा मिळून होतोय पण जबाबदार असं एकही दुकान सापडत नाही, आणि मला वाटतं खरा पेच इथंच आहे.

हा पेच स्कॉटलंडने सरळ कायद्यातच घेतला. तिथला २००५ चा परवाना कायदा सप्टेंबर २००९ पासून पूर्ण लागू झाला आणि त्यात प्रत्येक स्थानिक परवाना मंडळावर एक काम टाकलंय: तुमच्या हद्दीत कुठल्या भागात दारूची दुकानं गरजेपेक्षा जास्त झालीत का, ते तपासा आणि तुमच्या धोरणात लिहून जाहीर करा. म्हणजे कुणी अर्ज करायच्या आधीच आख्ख्या भागाचा विचार करायचा. हा हिशोब करताना पोलिसांना विचारायचं, आरोग्य खात्याला विचारायचं, रहिवाशांना आणि दुकानदारांना पण विचारायचं. शिवाय या कायद्याच्या पाच उद्दिष्टांमध्ये सार्वजनिक आरोग्याचं रक्षण आणि सुधारणा हे एक आहे. शेजारच्या इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात चारच उद्दिष्टं आहेत, आरोग्य त्यात नाही, त्यामुळे तिथं डॉक्टर लोक लिव्हरच्या आजाराचे आकडे घेऊन आले तरी त्यांचा मुद्दा शेवटी गुन्हेगारी नाहीतर उपद्रव यातच कुठंतरी बसवावा लागतो.

आता मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं? पहिलं सुचतं ते दर हजार माणसांमागे किती दुकानं. पण शहराच्या मधल्या भागात राहणारे लोक कमी आणि संध्याकाळी बाहेरून येणारे हजारो, तिथं हा आकडा उगाचच फुगतो, आणि उलट दाट वस्तीत तो कमी दिसतो, कारण भागायला माणसं भरपूर. म्हणून काही संशोधक रस्त्याच्या दर मैलामागे किती दुकानं ते मोजतात, काहीजण घरापासून दहा मिनिटं चालत, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या आत किती येतात ते बघतात. स्कॉटिश कायद्यात नुसती संख्या नाही तर क्षमताही बघायला सांगितलीय, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पबमध्ये किती माणसं मावतात ही त्याची क्षमता, आणि बाटली घरी न्यायच्या दुकानात दारू मांडायला किती जागा दिलीय ती त्याची क्षमता. कोपऱ्यावरच्या दुकानातलं एक कपाट आणि सुपरमार्केटमधली आख्खी रांग, दोन्हीकडं परवाना एकेकच असतो, पण विकली जाणारी दारू सारखी थोडीच असणार.

एडिनबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी स्कॉटलंडचे छोटे छोटे भाग घेतले, एकेका भागात साधारण ५०० ते १००० माणसं, आणि प्रत्येकाच्या आसपासची दुकानं मोजून ती दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या शेजारी मांडली. सगळ्यात जास्त दुकानं असलेल्या भागांत मृत्यूचा दर सगळ्यात कमी दुकानांच्या भागांपेक्षा साधारण दुप्पट निघाला. गरीब वस्त्यांमध्ये दुकानंही जास्त. याच मंडळींनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांकडं जीपीएस यंत्रं देऊन ती दिवसभर कुठून कुठून जातात ते बघितलं, तर गरीब वस्तीतली मुलं दारूच्या दुकानांच्या जवळून सधन वस्तीतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त जातात असं दिसलं. आणि हे अशा देशात जिथं २०२३ मध्ये निव्वळ दारूमुळे होणाऱ्या आजारांनी १२७७ माणसं गेली, तेही सगळी मिळून पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या असताना.

पण थांबा, यातून दुकानांमुळेच माणसं मेली असं सिद्ध होत नाही. दुकानदार पण हुशार असतो, जिथं गिऱ्हाईक आहे आणि जागेचं भाडं परवडतं तिथंच तो दुकान टाकणार, त्यामुळे पिणारे आधी आणि दुकान नंतर असंही असू शकतं. परवाना मंडळासमोर कंपनीचा वकील हाच मुद्दा पहिला मांडतो आणि तो चुकीचा नाही. याला उत्तर द्यायचं तर दुकानं अचानक, पिणाऱ्यांशी संबंध नसलेल्या कारणानं कमी किंवा जास्त झाली आणि मग काय झालं असं उदाहरण हवं. मुद्दाम असा प्रयोग कोण करणार, पण लॉस एंजेलिसमध्ये तो दुर्दैवानं घडला.

२९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना ज्युरीने सोडलं आणि शहर पेटलं. जाळपोळीत दारूची अडीचशेहून जास्त ठिकाणं बंद पडली, त्यातली बरीच साउथ सेंट्रल भागात. तिथं दारूच्या दुकानांविरुद्ध आधीपासूनच लोक संघटित होत होते, १९९० मध्ये कॅरन बास यांनी (ज्या पुढं शहराच्या महापौर झाल्या) कम्युनिटी कोअलिशन नावाची संघटना उभी केली होती, आणि दंगलीनंतर या लोकांनी मागणी लावून धरली की भाग पुन्हा उभा करा पण जळालेली दारूची दुकानं होती तशी परत नकोत. दुकानं बऱ्याच ठिकाणी कोरियातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची होती, आयुष्यभराची कमाई त्यात घातलेली, त्यामुळे हा वाद दोन्ही बाजूंनी जखमी लोकांचा होता, हे विसरून नुसते आकडे वाचू नयेत असं मला मनापासून वाटतं.

नंतर संशोधकांनी जनगणनेच्या छोट्या भागांनुसार आकडे लावले. जिथं दुकानं बंद झाली तिथं गनोरिया म्हणजे परमा या लैंगिक आजाराचं प्रमाण इतर भागांपेक्षा जास्त घटलं. मारहाणीच्या गुन्ह्यांचा अभ्यास वेगळा झाला, त्यात दिसलं की दुकानं बंद झाल्यावर साधारण वर्षभरानं हिंसा कमी व्हायला लागली आणि तो परिणाम पुढं काही वर्षं टिकला. वर्षभराचा हा उशीर महत्त्वाचा आहे, कारण धोरण बदललं आणि तीन महिन्यांत फरक नाही म्हणून ते गुंडाळलं असं कुणी केलं तर तो निकाल घाईचा ठरेल. अर्थात दंगलीनंतर तिथलं बाकीही बरंच बदललं होतं, लोक सोडून गेले, पोलिसांची पद्धत बदलली, तेव्हा एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये.

उलट दिशेचं उदाहरण फिनलंडचं. १९६९ मध्ये तिथं मध्यम ताकदीची बिअर किराणा दुकानांत विकायला परवानगी दिली, एका झटक्यात हजारो नवी ठिकाणं झाली, आणि त्या एका वर्षात देशाचा एकूण दारूचा खप ४६ टक्क्यांनी वाढला. ज्याला प्यायची आहे तो कुठूनही आणतोच, हे आपण नेहमी ऐकतो आणि पक्क्या व्यसनी माणसाबद्दल ते बऱ्यापैकी खरंही असेल, पण बाकीचे लोक सोय बघून पितात. दूध आणायला गेलो आणि समोर बिअर दिसली म्हणून घेतली, एवढं ते साधं आहे. शिवाय दुकानं जवळजवळ आली की गिऱ्हाईक ओढायला भाव पाडतात, उशिरापर्यंत उघडी ठेवतात. आणि पब एका गल्लीत गोळा झाले की बंद व्हायच्या वेळी सगळी माणसं एकदम रस्त्यावर येतात, रिक्षा-टॅक्सीसाठी धक्काबुक्की, कुणीतरी कुणाकडं तरी बघितलं म्हणून मारामारी.

कुठल्या प्रकारचं दुकान आहे यावरही बरंच ठरतं. ऑस्ट्रेलियात मायकल लिव्हिंग्स्टन यांनी मेलबर्नच्या भागांचे काही वर्षांचे आकडे तपासले, तर पबची संख्या रस्त्यावरच्या मारहाणीशी जोडलेली दिसली आणि बाटली घरी न्यायच्या दुकानांची संख्या घरातल्या हिंसेशी. म्हणजे ज्या दुकानासमोर कधी गोंधळ नाही, पोलिसांकडं तक्रार नाही, त्याचा त्रास चार भिंतींच्या आत, बायकोच्या अंगावर उमटत असतो आणि दुकानाच्या खात्यात तो कधीच मांडला जात नाही. पबच्या बाबतीत त्यांना असंही दिसलं की एका पिनकोडमध्ये साधारण पंचवीसच्या पुढं संख्या गेली की मारहाण जास्त वेगानं वाढते. पण हा आकडा मेलबर्नचा, तो उचलून ग्लासगोला किंवा पुण्याला लावता येणार नाही.

म्हणूनच स्कॉटलंडच्या कायद्यात अमुक इतकी दुकानं म्हणजे जास्त, असा आकडा नाही. मंडळाला पुरावे गोळा करून, त्या भागातलं नुकसान आणि तिथल्या दुकानांचा संबंध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे असं दाखवावं लागतं, मग ते जाहीर करू शकतं की या भागात, या प्रकारची दुकानं जास्त झाली. त्यानंतरही अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, फक्त ओझं फिरतं, आपल्यामुळे नुकसान वाढणार नाही हे आता अर्जदारानं पटवायचं. वेस्ट डनबार्टनशर मंडळानं २०१० मध्ये आपल्या हद्दीच्या बहुतेक भागांसाठी अशी भूमिका घेतली. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मंडळाला आख्खी हद्द एकच भाग धरता येते आणि दुकानाच्या वेळाही बघता येतात. तरी सुपरमार्केट येतं, नोकऱ्या देतो म्हणतं, आणि गरीब भागात त्याला नाही म्हणणं मंडळाला अवघडच जातं. आणि जुने परवाने तसेच राहतात, या सगळ्यानं फक्त नवीन दुकान अडतं, ही मला यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

आपल्याकडं याच्या बरोबर उलट आहे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानं चालू दुकान बंद करायचा अधिकार मतदानातून दिला, तीच आडवी बाटली. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदान, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई मजुरीला गेली, माहेरी गेली, जिला घरच्यांनी जाऊ दिलं नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं जातं. एवढं करून ज्या गावांनी दुकान बंद पाडलं त्या बायकांपुढं मी हात जोडते. २०२५ मध्ये सरकारनं सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल असं जाहीर केलं, तेही चांगलंच. पण दोन्हीकडं प्रश्न एकाच दुकानाचा राहतो. सोसायटीनं नाही म्हटलं तर तो गाळा रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये मिळतो. सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या सभेत हा विषय येईल तेव्हा त्या एका अर्जाच्या जोडीला दहा मिनिटांच्या चालण्यात किती परमिट रूम, किती वाईन शॉप, किती बिअर शॉपी आहेत, त्या कधी उघडतात कधी बंद होतात, आणि पोलिसांना रात्री कुठल्या तासाला त्या भागातून किती फोन जातात, घरातल्या मारहाणीचे धरून, एवढी माहिती मागा. परवाने एक्साइजकडं म्हणजे उत्पादन शुल्क खात्याकडं असतात, फोनची नोंद पोलिसांकडं असते आणि माहिती अधिकाराचा अर्ज कुठल्याही नागरिकाला करता येतो.