चोकची तार का तापली?

चोकच्या बटणाला हात लागताच आत्याने तो झटकन मागे घेतला. "अरे, हे तापलंय बघ!"

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरासमोर आतोबांची 1968 सालची फियाट 1100 उभी होती. आतोबा थांबून थांबून सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर) मारत होते, इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घेत होतं आणि अडत होतं. बॅटरी पंधरा दिवसांपूर्वीच आणलेली. मेकॅनिकने आवाज ऐकला आणि "बॅटरी बदली नाखो" म्हणाला, आतोबांनी ती बदललीही, पण दुखणं जिथल्या तिथे. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून आल्यापासून ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

चोकच्या तारेचा विजेशी काही संबंध नसतो. इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची झडप ओढायची पोलादी तार आणि तिच्यावर पोलादी वेटोळ्यांचं आवरण, एवढाच तिचा संसार. ती तापली याचा अर्थ एकच: जिथून जायला नको तिथून वीज जात होती, आणि तीही भरपूर.

गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड वायर जाते, पण परतीची वायर नसते. ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि बॉडीचा पत्राच परतीचा रस्ता होतो. अडचण अशी की इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, तिला अर्थची, म्हणजे अर्थिंगची, पट्टी म्हणतात. गाडीखाली चिखल, तेल आणि पावसाचं पाणी खात ती वर्षानुवर्षं पडून असते. तिचं टोक गंजलं की वीज दुसरी वाट शोधते, आणि इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी धातूची दुसरी वाट म्हणजे चोकची किंवा अॅक्सिलरेटरची तार.

आता आकडे पाहू, कारण इथे आकड्यांशिवाय निदान नाही. अशा इंजिनाचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. प्रवाह इतका मोठा असला की नगण्य रोधसुद्धा, म्हणजे वाटेतला अडथळा, घात करतो. समजा, गंजलेल्या जोडाचा रोध एका ओहमचा फक्त पन्नासावा भाग, म्हणजे 0.02 ओहम आहे. त्यातून 120 अँपिअर गेले की 2.4 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि जवळपास 290 वॅट उष्णता त्या जोडात तयार होते. बाराच्या हिशेबात अडीच व्होल्ट वाटेत गेले, तर सेल्फने काय करावं?

हा 0.02 ओहम साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, ही खरी मेख. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. आणि सेल्फ बंद असताना व्होल्टेज मोजलं तर प्रवाहच नसल्यामुळे सगळीकडे पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. वरच्या मजल्यावरचा नळ बंद असताना पाइपात दाब असतोच, पाइप गंजाने बुजलेला आहे हे नळ सोडल्यावरच कळतं. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना.

त्यासाठी दोन माणसं लागतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिलकोची मधली वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवलेली. (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आपले मेकॅनिक 'डिलको' म्हणतात, तो शब्द चार्ल्स केटरिंगच्या 'डेल्को' कंपनीच्या नावातला. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये जो विजेचा सेल्फ आला आणि पुढे हँडल मारण्याच्या कष्टातून माणसाला सोडवलं, तोही याच केटरिंगचा. मला ही जोडी फार आवडते.) आतोबा आत बसले, मी मीटर धरलं.

बॅटरीच्या टोकांवर, सेल्फ फिरताना: 11.1 व्होल्ट. उत्तम. हा आकडा साडेनऊच्या खाली गेला असता तर संशय बॅटरीवर, किंवा जाम झालेल्या सेल्फवर घ्यावा लागला असता. बॅटरी एवढी खंबीर उभी आहे आणि तरी सेल्फ मंद, म्हणजे दोष वाटेतला. मग धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत: 0.3, चालण्याजोगं. शेवटी इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत: 2.8. इथे अर्धा व्होल्टही जास्त मानतात.

खरं तर एक खूण आधीच दिसली होती आणि आम्ही ती वाचली नाही. सेल्फ कण्हत असतानाही हेडलाइट जवळजवळ तसेच लख्ख होते. बॅटरी मेलेली असती तर तेही विझू विझू झाले असते. हेडलाइटची अर्थ बॉडीवर असते, सेल्फची इंजिनावर, आणि तुटलेला पूल नेमका या दोघांच्या मधला होता.

बॅटरी निर्दोषच असते असं मात्र नाही, विशेषतः बडोद्यात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात आणि उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरायचा वेगही वाढतो. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे कठीण स्फटिक होतात आणि चार्जिंगने ते पुरते विरघळत नाहीत. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजलेलं व्होल्टेज बरंच सांगतं: 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास अर्धी, 11.9 म्हणजे रिकामी. झाकणाच्या जुन्या बॅटरीत मी हायड्रोमीटरवर, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीवर, जास्त विश्वास ठेवतो, कारण तो सहाही घरांचं वेगवेगळं सांगतो. पाच घरं ठीक आणि एक मेलेलं, हे व्होल्टमीटर एकटा धड सांगू शकत नाही. काम करताना बिडी-काडी दूर ठेवावी, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. आणि पाना लावताना अर्थचं टोक आधी काढावं, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगीचा भडका.

आतोबांची तक्रार होती की रोज सुरू करून करून बॅटरी संपते. हिशेब उलटा आहे. दीडशे अँपिअर तीन सेकंद ओढले तर खर्च होतो 0.125 अँपिअर-तास, चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अर्धा टक्काही नाही. बॅटरी संपते ती जुन्या शहरातल्या मांडवीच्या गर्दीत. या गाडीत बॅटरी चार्ज करायला आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनामो आहे, आणि तो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही. चार्जिंग होत नसल्याचं सांगणारा लाल दिवा मिणमिणतो, हेडलाइट आणि ठिणगीची कॉइल बॅटरीवर जगतात.

पट्टी काढली तेव्हा तिच्या टोकाला हिरवट-पांढरी भुकटी होती. नवी पट्टी घातली, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: 0.15. आतोबांनी बटण दाबलं आणि दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन बोललं. आत्याने आधी चोकच्या बटणाला हात लावून पाहिला, मग मागे बसली, आणि आम्ही तिघं आजव्याच्या रस्त्याला लागलो. पाणीगेट मागे पडल्यावर लाल दिवा पुरता विझला होता.