तळाचा ठिपका, तळाची रेघ: पेट आणि पीव्हीसी

दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या शेजारी ठेवा, एक पेटची, एक पीव्हीसीची. ही प्लास्टिकची दोन वेगळी जातकुळी. दोन्ही काचेसारख्या आरपार दिसतात. नुसतं बघून कुठली कोणती ते सांगता येत नाही, आणि रिसायकल करताना घोळ इथूनच सुरू होतो.

तळाच्या त्रिकोणात 1 असेल तर पेट, 3 असेल तर पीव्हीसी. ही आकड्यांची पद्धत 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तू रिसायकल होणारच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वस्तू कशाची बनली आहे एवढंच तो आकडा सांगतो.

रिसायकलिंगच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणं बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकांची, म्हणजे पाण्यापेक्षा हलकी. त्यांचे तुकडे वर तरंगतात, पेट तळाला बसतं. किती सोपी युक्ती! पण पीव्हीसीपुढे ती चालत नाही, कारण पाण्याची घनता 1 धरली तर पेटची 1.38 च्या आसपास आणि पीव्हीसीचीही जवळपास तेवढीच. दोन्ही एकत्रच बुडतात.

खरं नुकसान पुढे, भट्टीत होतं. पेट वितळायला साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअस लागतात. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. एवढ्या उष्णतेत ते टिकत नाही, करपतं आणि हायड्रोजन क्लोराइड सोडतं. या आम्लधर्मी वायूमुळे पेटच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात. माल पिवळा पडतो, त्यात काळे कण दिसतात, ताकद जाते. दहा हजार भागांत पीव्हीसीचा एक भाग मिसळला तरी माल बिघडू शकतो. म्हणून मोठ्या कारखान्यांत क्लोरीन हेरणारी क्ष-किरण यंत्रं बसवतात. उलट बाजूनेही त्रासच: पीव्हीसी 200 अंशांच्या आत-बाहेर घडवतात, तेव्हा त्यात आलेलं पेट वितळतच नाही. त्याचे कडक तुकडे यंत्राच्या जाळीत अडकून बसतात.

आकडा पुसट असेल तर बोटाने तळ चाचपा. पेटच्या बाटलीच्या तळाशी मधोमध बारीक उंचवटा लागतो. आधी साच्यात नळीसारखा तुकडा ओततात आणि मग तो फुगवतात, त्या ओतण्याची ती खूण. पीव्हीसीच्या बाटलीच्या तळावर मात्र आडवी रेघ असते, कारण तिथे गरम नळी साच्यात चिमटून बंद केलेली असते. बाटली दुमडूनही बघा. पीव्हीसीच्या घडीवर पांढुरकी रेघ उमटते. जाळून ओळखायच्या फंदात मात्र पडू नका, तो धूर घशाला आणि फुप्फुसांना जाळतो.

वेगवेगळी जमली तर दोन्ही कामाची आहेत. पेटचे धागे होतात, पुन्हा बाटल्याही होतात. पीव्हीसीचे पाइप आणि खिडक्यांच्या चौकटी होतात.

मला जास्त काळजी वाटते ती वेष्टनाची. बाटलीवर 1 असतो, ती अस्सल पेटचीही असते, पण तिच्या अंगाला घट्ट चिकटलेलं छापील आवरण पुष्कळदा पीव्हीसीचं निघतं. आपण बाटली धुतो, योग्य डब्यात टाकतो आणि पीव्हीसी तिच्यासोबतच पाठवतो. अशा आवरणावर बऱ्याचदा बारीक छिद्रांची उभी ओळ असते. तिथे नख लावून ओढलं की ते एका झटक्यात निघतं.