मस्टरवरून खात्यावर : सोलापूर जिल्ह्यातील रोख मदतीची पार्श्वभूमी

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मोहोळ किंवा मंगळवेढा तालुक्यातल्या एखाद्या गावात बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून देणाऱ्याच्या, टपरीपाशी थोडा वेळ थांबले, की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो : "पडलं का?" काय पडले, हे सांगावे लागत नाही. विचारणारी बाई ओल्या पदराने अंगठा पुसून यंत्रावर टेकवते, यंत्र तो नाकारते, मग ती दुसरे बोट लावून पाहते. खुरपणी आणि ज्वारीच्या काढणीत झिजलेल्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. सरकारी पैसा तिच्या स्वतःच्या नावावर येऊन पोहोचायला सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि त्यांतली शंभराहून अधिक वर्षे तो पैसा अंगमेहनतीशिवाय मिळतच नव्हता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. आष्टीचा तलाव हे त्यांतलेच एक काम. दुष्काळाच्या पाहणीसाठी व्हाइसरॉयने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी त्या वेळी मजुरी घटवून माणशी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यात अनेकांनी काम सोडणे पसंत केले. उपाशी माणसालाही फुकट काही देऊ नये, दिले तर तो आळशी होतो, या समजुतीवर ती सारी व्यवस्था उभी होती. ही समजूत इंग्रजांबरोबर गेली, असे म्हणता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागातील वयस्कर माणसे आजही वस्तूंच्या नावांनी सांगतात : फोडायची खडी, खायला मिळणारी पौष्टिक पिठाची सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. त्याच सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने येत आणि मजुरी त्यांच्या हातात पडे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मात्र मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नाव चढवणाऱ्याच्या मर्जीवरही बरेच काही अवलंबून असे.

श्रमाची अट प्रथम सुटली ती १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत. विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजारी अशा ज्यांना खडी फोडणे शक्यच नव्हते, त्यांना दरमहा ठरावीक रक्कम मिळू लागली. १९९५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून वृद्धांना महिना ७५ रुपये सुरू झाले आणि पुढे राज्याची श्रावणबाळ योजना आली. गावात या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही, म्हणतात "पगार". हा शब्द लोकांनी आपला आपण निवडला आहे आणि तो नेमका आहे, कारण पगाराला तारीख असते व तो मागताना मान खाली घालावी लागत नाही. प्रत्यक्षात मात्र उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, तहसीलची फेरी आणि बुडालेली रोजंदारी हा त्या पगाराचा उत्पादनखर्च होता.

तो खर्च कमी करण्याचे आश्वासन घेऊन थेट लाभ हस्तांतरण आले. देशातील पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला, १ जानेवारी २०१३ पासून काही जिल्ह्यांत रक्कम थेट खात्यावर जमा होऊ लागली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती उघडली जाऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने ५०० रुपये जमा झाले, तेव्हा अनेकींना आपल्या नावावर खाते असल्याचा पहिला खरा उपयोग समजला. शेतकऱ्यांसाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये सुरू झाले, २०२३ मध्ये राज्याच्या नमो शेतकरी योजनेने तेवढीच भर घातली, आणि जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महिना १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना जाहीर झाली.

या तिन्ही योजना एका घरात मांडून पाहिल्या की हिशेब विचित्र दिसतो. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर घरात वर्षाला त्याचे १२,००० आणि बायकोचे १८,००० असे ३०,००० रुपये येऊ शकतात. तीच जमीन बायकोच्या नावावर असेल, तर शेतकरी म्हणून मिळणारे महिना १,००० रुपये वजा होऊन लाडकी बहीणचे तिला केवळ ५०० मिळतात, म्हणजे वर्षाला सारे मिळून १८,०००. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावावे म्हणून याच राज्याने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना काढली होती, हे येथे आठवते. भूमिहीन मजुराच्या घरात शेतकऱ्याचे १२,००० येतच नाहीत. निराधार योजनेतील विधवेला १,५०० मिळतात म्हणून ती लाडकी बहीण ठरत नाही. त्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये राहिली, तर लाडकी बहीणसाठी ती अडीच लाख आहे.

पैसे हातात आले की ते दारूत जातात, हा आक्षेप जुना आहे. असंघटित कामगार महिलांच्या ‘सेवा’ या संस्थेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील काही गावांत प्रौढांना महिना २०० आणि मुलांमागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५० रुपये, विनाअट देऊन पाहिले. त्यात दारूवरील खर्च वाढल्याचे दिसले नाही. उलट आहार सुधारला, जनावरे घेतली गेली आणि काहींनी मजुरी कमी करून स्वतःच्या शेताकडे अधिक लक्ष दिले. रोख रकमेची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि ती सोलापूरने चारा छावण्यांत पाहिली आहे. २०१२-१३ आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगोला, मंगळवेढा या भागांतील कुटुंबे जनावरांसह छावणीत राहायला गेली. बाजारात कडब्याची पेंडीच मिळेनाशी झाली, की खात्यावरची रक्कम गाईपुढे टाकता येत नाही.

एरवी या जिल्ह्यातील गरीब घराची अडचण रकमेइतकीच तारखेची असते. रब्बी ज्वारीची सुगी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते, ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, कारखान्याच्या हंगामाआधीच खर्च झालेली असते, आणि एप्रिल ते जून कोरडवाहू गावात हाताला काम नसते. या महिन्यांत किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत "खात्यावर पडलं की" हीच मुदत असते. ठरलेल्या दिवशी येणारे १,५०० रुपये दुकानदाराच्या नजरेत पत निर्माण करतात; दोन महिन्यांचे एकदम आले, तर तोवरची उधारी तशीच राहते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ चे हप्ते विधानसभा निवडणुकीपूर्वी एकत्र जमा झाले होते, म्हणजे तारीख ठरवताना उधारीची वही कोणी पाहिलेली नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळखपडताळणी, सक्तीची झाली आणि त्यात पती किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागण्यात आला. त्याच महिन्यात सीना नदीला पूर आला व माढा, मोहोळ, करमाळा भागांत घरे आणि उभी पिके पाण्याखाली गेली. नंतर मुदत वाढली, आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या महिलांना मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. चिखलातून वर काढलेल्या लोखंडी पेट्यांतील कागद तेव्हा अंगणातल्या बाजांवर, दगड ठेवून, वाळत घातलेले होते.