फासळी आधी की फळी आधी?

लाकडी होडीच्या आत डोकावले की तळाच्या कण्यापासून काठापर्यंत चढत गेलेल्या फासळ्या दिसतात, आणि आधी हा सांगाडा उभा राहिला असेल व मग त्यावर फळ्या ठोकल्या असतील, असे सहज वाटते. पुष्कळ जहाजांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु त्याहून जुन्या पद्धतीत क्रम नेमका उलटा असतो. फळ्या कडेला कड लावून आधी जोडल्या जातात आणि तयार झालेल्या कवचात फासळ्या नंतर बसवल्या जातात. दोन्हीकडे नाव फासळीच असल्यामुळे हा फरक लक्षात येत नाही.

सांगाडा आधी उभारताना आकार फासळी ठरवते. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती आणि मध्यभागी फुगीर होत जाणाऱ्या होडीत जवळजवळ प्रत्येक फासळीचा आकार निराळा असल्यामुळे त्या सर्व आधी जमिनीवर पूर्ण मापात रेखाव्या लागतात. मोठ्या जहाजाची फासळी एका लाकडातून निघत नाही. ती अनेक वक्र तुकडे जोडून, बहुधा दोन थरांत, एका थराचा सांधा दुसऱ्या थरातील अखंड लाकडावर येईल अशी बांधतात. सरळ फळीतून बाक कापला तर लाकडाचे धागे मधेच तुटतात आणि नेमक्या त्या जागी ती फासळी चिरते, म्हणून जुने कारागीर मुळातच वाकडी वाढलेली लाकडे शोधत असत. शिवाय बाहेरची कड तिरकी तासावी लागते आणि तो तिरकसपणा टोकाकडे वाढत जातो. तो चुकला की फळी फासळीवर सपाट न बसता एका कडेवरच टेकते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे याच घडणीचे जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहता येते.

कवच आधी घडवताना मात्र फासळीला फळ्यांचे ऐकावे लागते. आतील बाकाला ती जुळेपर्यंत लावून पाहायची, जिथे अडेल तिथे तासायची, पुन्हा लावायची. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेल्या आणि 2025 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या नौकेच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत व फासळ्या त्यानंतर आत बसवलेल्या आहेत. नॉर्वेत 1880 मध्ये सापडलेल्या गोकस्टाड नौकेत फळ्या एकमेकींवर चढवून खिळ्यांनी जोडल्या आहेत आणि खालच्या भागात फासळ्या फळ्यांना चक्क बांधलेल्या आहेत, त्यामुळे लाटेवर ते कवच किंचित लवू शकत असे. माझ्या मते या बांधणीचे सारे शहाणपण त्या लवचिकतेत आहे, आणि फासळीला केवळ आधार म्हणणाऱ्या वर्णनांतून तेच निसटते.

गोंधळ सर्वांत अधिक होतो तो वाफवून वाकवलेल्या फासळ्यांमुळे. लाकूड पेटीत वाफवतात, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास धरतात, आणि बाहेर काढल्यावर ते थंड होण्याआधीच जागेवर दाबून घट्ट करतात. अशी फासळी तयार कवचाच्या आत बसवता येते, तशीच तात्पुरत्या साच्यांवर ताणलेल्या पट्ट्यांच्या आत, फळ्या लागण्यापूर्वीही वाकवता येते. म्हणून केवळ वाकवलेली फासळी पाहून बांधणीचा क्रम सांगता येत नाही.

त्यासाठी फळ्यांमधला सांधा पाहावा. दोन फळ्या शिवणीने, एकमेकींवर चढवून मारलेल्या खिळ्यांनी किंवा कडेत बसवलेल्या लाकडी जिभांनी परस्परांना धरून असतील, तर बहुधा कवच आधी उभे राहिले आहे. आणि कडा नुसत्या भिडवून फटीत कापूस किंवा ताग ठोकून भरलेला असेल, तर त्या फळ्यांना धरून ठेवणारे फासळ्यांशिवाय दुसरे काही नाही.